अथणीची भाकरी, कणकुंबीचं रान

मार्च उजाडला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी सुरू होतात, पोरांच्या परीक्षा आणि खानापूरच्या रानात ट्रेकला जायचे प्लॅन. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, तळेवाडी. आणि निघायच्या आदल्या रात्री हमखास एकच चर्चा, खायला काय घ्यायचं. कुणी म्हणतं पुलाव करून नेऊ, कुणी म्हणतं ब्रेड-जॅम बास झालं, आणि कुणीतरी एक किलो कुंदा आणतंच, बेळगावचे ना आपण. माझं यावर ठाम मत आहे आणि ते कसं झालं ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही सहा जण कणकुंबीच्या बाजूला गेलो होतो. पहाटे चारला उठून मी फोडणीचा भात केला, रात्रीचाच शिजवून ठेवलेला भात, वर गरमागरम फोडणी, लिंबू पिळलं आणि वाफेसकट स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट दाबलं, कारण गरम राहावा हीच इच्छा. डबा बॅगेत, बॅग पाठीवर, पाठ उन्हात. दुपारी एकला झाकण काढलं तर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटलेले आणि काही भातावर ओघळलेले. वास एकदम चांगला होता, चवही. तिघांनी पोटभर खाल्ला, बाकीच्यांनी भडंग. चारच्या सुमाराला त्या तिघांपैकी दोघांना उलट्या सुरू झाल्या, एकापाठोपाठ एक, आणि रस्ता अजून सात किलोमीटर लांब, मोबाईलला रेंज नाही. एकाला आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून आणलं. तो चालताना थरथरत होता ते मला अजून आठवतंय.

नंतर वाचल्यावर कळलं की भाताची ही गोष्ट जगभर माहितीची आहे. बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू मातीत असतो, त्यामुळे तांदळावरही असतो. तो स्वतः उकळत्या पाण्यात मरतो पण त्याचे बीजाणू म्हणजे स्पोअर मरत नाहीत, कडक कवच घालून झोपल्यासारखे पडून राहतात. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढत जातात. वाढताना त्यांच्यातले काही प्रकार एक विष सोडतात आणि ते विष इतकं चिवट आहे की परत गरम केलं, फोडणी दिली, तरी मोडत नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. उलट्या खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते पाच-सहा तासांत सुरू होतात, आमच्या बाबतीत तीन तास लागले. म्हणजे चूक दुपारच्या उन्हात झालीच नव्हती, ती आदल्या रात्री झाली होती आणि डब्यातल्या वाफेनं त्यात भर घातली. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंचा सुखाचा पट्टा समजतात आणि मार्चमधली पाठीवरची बॅग त्या पट्ट्याच्या अगदी मधोमध असते.

आमची आज्जी खानापूरजवळच्या गावात राहते. तिला हे सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अगं उन्हानं नाही बिघडत काही, ओलीनं बिघडतंय. तू वाफ कोंडून नेलीस की."

हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं वाटतं. कारण अन्न टिकेल की नाही हे त्यात एकूण पाणी किती आहे यावर तेवढं ठरत नाही, त्यातलं मोकळं पाणी किती आहे यावर ठरतं. मोकळं म्हणजे जिवाणूला पिता येईल असं. साखर, गूळ, मीठ हे पाण्याला धरून ठेवतात, ते पाणी असून नसल्यासारखं. याचं एक माप आहे, त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शून्य ते एक. शुद्ध पाणी म्हणजे १. ऑस्ट्रेलियातल्या डब्ल्यू. जे. स्कॉट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की जिवाणूंची वाढ या मापाशी बांधलेली असते. शिजलेला भात ०.९८ च्या आसपास, म्हणजे जिवाणूंसाठी जवळजवळ पाणीच. ०.९ च्या खाली बहुतेक जिवाणू थांबतात, पण स्टॅफिलोकोकस नावाचा एक चिवट जिवाणू ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरशी त्याहूनही खाली जाते, आणि ०.६ च्या खाली मात्र कुणीच वाढत नाही. मग बाहेर ४० अंश असो नाहीतर काहीही असो. बिस्किटासारखा खुसखुशीत कोरडा पदार्थ ०.३ च्या जवळपास असतो.

आता आपल्याच गावातल्या दोन गोड पदार्थांकडे बघा. कुंदा दुधाचा, आटवलेला असला तरी ओलसर, मऊ, म्हणून तो फ्रिजबाहेर फार दिवस टिकत नाही आणि उन्हातल्या बॅगेत तर अजिबात नेऊ नये. आणि मांडे? लग्नाच्या रुखवतातले मांडे कितीतरी दिवस राहतात, कारण ते पातळ लाटून उलट्या भांड्यावर भाजून कोरडे कडक केलेले असतात आणि आत पिठीसाखर. दोन्हीत साखर आहे पण एकात ओल ठेवलीय आणि दुसऱ्यातली काढून टाकलीय. (मांडे ट्रेकला नेता येत नाहीत, चुरा होतो, पण मुद्दा कळला असेल.)

ट्रेकला नेता येते ती कडक भाकरी. आज्जी जोंधळ्याची भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापते, तव्यावर दोन्हीकडून भाजली की चुलीच्या कडेला निखाऱ्याजवळ उभी करून ठेवते, एकावर एक नाही, एकेक सुटी. मग ती हळूहळू वाळत वाळत कडक होते, कडा थोड्या वर वळतात. झाली का नाही हे ती हात लावून बघत नाही, एक कोपरा मोडून कानाशी धरते. कट्ट असा स्वच्छ आवाज आला तर झाली, आवाज दबका आला तर अजून अर्धा तास.

त्या आवाजात खरं विज्ञान आहे हे मला फार उशिरा समजलं. पिठातला स्टार्च पूर्ण कोरडा झाला की तो काचेसारख्या अवस्थेत जातो, त्याचे रेणू जागच्या जागी गोठलेले असतात, हलू शकत नाहीत, म्हणून मोडताना तडा जातो आणि आवाज येतो. थोडं जरी पाणी आत शिरलं तर ते रेणूंच्या मध्ये घुसून त्यांना हलायला जागा करून देतं आणि काच रबरासारखी होते. चिरमुरे पावसाळ्यात सादळतात ते हेच. सादळणं हा शब्द किती नेमका आहे बघा, ओलं झालं असं आपण म्हणत नाही, भिजलं असंही म्हणत नाही, हवेतली ओल आत गेली आणि मोडताना आवाज येईना झाला. म्हणजे कुरकुरीतपणा हा नुसता खायच्या मजेचा भाग नाही, तो तुमच्याजवळचा फुकटचा मीटर आहे. भाकरी कट्ट वाजतेय तोपर्यंत तिच्यावर बुरशी येत नाही. वातड झाली की दिवस मोजायला लागा.

इथे आपल्या जिल्ह्याची एक गंमतशीर गोष्ट लक्षात येते. पूर्वेला अथणी, रायबाग, गोकाक, कोरडा दुष्काळी पट्टा, तिथं जोंधळा पिकतो आणि तिथलं जेवण कोरडं, कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, मलप्रभा उगवते तो प्रचंड पावसाचा भाग, तिथं भात आणि नाचणा. ट्रेक करतो आपण पश्चिमेच्या ओल्या रानात आणि डब्यात नेतो पण पश्चिमेचाच भात. नेमकं उलटं करायला हवं. अथणीची भाकरी घेऊन कणकुंबीच्या रानात जावं.

वजनाचा हिशेबही तेच सांगतो. शिजलेल्या भाताचा जवळजवळ ६५ ते ७० टक्के भाग पाणीच, १०० ग्रॅमला जेमतेम १३० कॅलरी. शेंगदाण्यात तेल भरपूर, आणि एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी तर एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत ४, म्हणून शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५६० कॅलरी मिळतात. एक किलो भात वाहून जेवढी ताकद मिळते तेवढी पाव किलो शेंगदाण्यात मिळते. वाचलेल्या पाऊण किलोत पाऊण लिटर पिण्याचं पाणी नेता येतं. पाणी बाटलीत न्यावं, डब्यात नको.

शेंगाचटणीत एकच सांभाळायचं, तेल. ओल नसली तरी हवा, ऊन आणि उजेड यांनी तेल खवट होतं, आणि दाणे कुटले की हवा लागायला जागा कितीतरी पटीनं वाढते. म्हणून चटणी ताजी कुटलेली थोडीच न्यावी आणि बाकीचे दाणे भाजलेले अख्खे. लसूण चटणीत घालायचा तर आधी चांगला परतून कोरडा करावा. आणि सगळं एका मोठ्या पिशवीत भरू नका, एकेका खाण्याच्या छोट्या पुड्या करा, कारण पिशवी जेवढ्या वेळा उघडाल तेवढ्या वेळा रानातली दमट हवा आत जाणार. मऊ चपाती न्यायचीच असेल तर पूर्ण गार होऊ द्या, सुती फडक्यात बांधा आणि त्याच दिवशी दुपारच्या आत संपवा.

आता पाण्याचं, कारण रानात माणूस भुकेपेक्षा उन्हानं लवकर कोसळतो. घाम अंग गार करतो तो वाळताना, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अथणीच्या कोरड्या हवेत तो येताक्षणी वाळतो, कळतही नाही. पण घाटातल्या दाट झाडीत हवा आधीच दमट, तिथं घाम वाळत नाही, नुसता टपकतो, म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग काही गार झालं नाही. शरीर मग अजून घाम सोडतं. चढावर तासाला लिटरभर सहज जातो. ६० किलोच्या माणसाचं सव्वा लिटर पाणी कमी झालं की पाय जड व्हायला लागतात, डोकं दुखतं, चिडचिड होते. ग्रुपमधला शांत माणूस अचानक खेकसायला लागला तर आधी त्याला सावलीत बसवून पाणी द्या.

नुसतं पाणी मात्र ढोसू नका. घामातून मीठ जातं आणि वरून फक्त पाणी घातलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्यानं मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, वाढलं तर फिट येण्यापर्यंत जातं, आणि बाकीचे म्हणतात अजून पाणी पाजा. मीठ आणि साखर एकत्र का द्यायची याचं कारण आतड्यात आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. याच तत्त्वावर १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं, कारण सलाईन संपत आली होती. जिथं ३० टक्क्यांपर्यंत माणसं मरत होती तिथं ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आलं. मला ही गोष्ट दर वेळी वाचताना भरून येतं. ओआरएसची चार पाकिटं बॅगेत ठेवा, काही वजन नाही त्यांचं. नसली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजे टाकायचं नाही, मोजूनच. आमसुलाचं सार किंवा गूळ-मीठ घातलेलं सरबत आपल्याकडे उन्हाळ्यात पितात ते त्याच वाटेवरचं आहे, पण उलट्या-जुलाब सुरू झाले तर पाकीटच वापरा.

ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वर गवा किंवा डुक्कर लोळून गेलेलं असतं. आधी सुती कापडाच्या चार-आठ घड्यांतून गाळा. जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळून बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आल्याचं २००३ मध्ये दिसलं होतं, पण गाळणं ही फक्त पहिली पायरी, नंतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. उकळणं उत्तम, पण खानापूरच्या रानातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जायचं नाही आणि मार्चमधल्या वाळक्या पाल्यात चूल पेटवायचा विचारही करायचा नाही. म्हणून मी पोहे नेते. पोहे म्हणजे आधीच उष्णता दिलेला आणि मग चेपून वाळवलेला तांदूळ, त्यातला स्टार्च मऊ होऊन गेलेला असतो, गार पाण्यात दहा मिनिटांत खाण्याजोगे होतात. गूळ टाका, खा. फक्त ते पाणी शुद्ध केलेलं हवं, कारण इथं उकळी कुठंच येत नाही.

बाकी सामानात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पॅन्ट मोज्यात खोचायची सवय, कारण कोरड्या महिन्यांत गोचीड असतात आणि १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला माकडताप गोचिडांतूनच पसरतो, शेजारच्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही तो आलेला आहे. घरी आल्यावर अंग नीट तपासा, आणि पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे आधी सांगा. खायच्या पुड्या माकडांसमोर उघडू नका आणि रिकाम्या पिशव्या सगळ्या परत आणा.

या शनिवारी आम्ही परत निघतोय, त्याच वाटेनं, त्याच सहा जणांनी. आज्जीनं काल एसटीतून वीस भाकऱ्या धाडल्यात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून, मध्ये मध्ये कागद घालून. मी वरची एक घेतली, कोपरा मोडून कानाशी धरला. कट्ट वाजली.