कॅनला पाडलेलं दुसरं भोक

भाच्याला नोकरी लागली म्हणून घोडबंदर रोडला त्याच्या घरी आम्ही जमलो होतो. जेवणाआधी मुलं गच्चीवर गेली, मीही मागोमाग गेलो. भाच्याने खिशातून घराची किल्ली काढली, बिअरचा गार कॅन आडवा धरला आणि बुडापासून दोन बोटं वर, बाजूच्या पत्र्यात किल्लीचं टोक खुपसलं. फस्स करून फेस उडाला. किल्ली फिरवून त्याने भोक अंगठ्याएवढं केलं, त्याला तोंड लावलं, कॅन उभा केला आणि वरची टॅब ओढली. त्याचा कंठमणी वरखाली होताना दिसला. मित्र मोबाइलवर सेकंद मोजत होते. रिकामा कॅन मुठीत चुरगाळून तो म्हणाला, "मामा, सहा सेकंद!"

मुलं याला शॉटगन मारणं म्हणतात. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे माझं लक्ष घड्याळापेक्षा त्या भोकाकडे जास्त होतं.

मी लहान असताना घरी तेलाचा पंधरा किलोचा डबा यायचा. तो फोडताना आई समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडायची. एकच पाडलं तर तेल गचके देत, ओट्यावर उडत यायचं. दुसरं पाडलं की लगेच सरळ, शांत धार. एका भोकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. भाच्याचा कॅन सहा सेकंदांत रिकामा होण्यामागे एवढंच विज्ञान आहे, पण ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या भोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका दाब देत असते. हा दाब दहा मीटर उंच, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. मग कॅनमधल्या पंधरा-सोळा सेंटिमीटर बिअरची काय कथा? बाहेर जाणाऱ्या बिअरची जागा घ्यायला आत काही आलं नाही, तर वरच्या पोकळीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा बिअरला अडवून धरते. तोंड एकच असेल तर बिअर आणि हवा यांना त्याच वाटेने आळीपाळीने जावं लागतं. गायमुख घाटात एक बाजू दुरुस्तीसाठी बंद असली की थोड्या गाड्या इकडून सोडतात, थोड्या तिकडून, तसंच. बाटली उपडी केल्यावर येणारा बुडबुड आवाज म्हणजे ही आळीपाळीच. दोन भोकं असली की दोघांना स्वतंत्र रस्ता मिळतो.

घरी पाण्याच्या बाटलीवर हे करून पाहा. बुडाशी एक भोक पाडा, झाकण घट्ट लावा. धार थांबते. झाकण सैल करा, धार सुरू होते. ही धार किती वेगाने येईल हे इटलीच्या टॉरिचेल्लीने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं आहे. तेवढ्या उंचीवरून सुटलेल्या दगडाला जो वेग मिळेल, तोच धारेला मिळतो. पंधरा सेंटिमीटर बिअरसाठी तो सुरुवातीला सेकंदाला सुमारे १.७ मीटर येतो आणि पातळी उतरेल तसा घटत जातो. ५०० मिलिलिटरचा कॅन आणि दीड सेंटिमीटर रुंदीचं भोक धरून मी गणित मांडलं, तेव्हा उत्तर पाच ते सहा सेकंद आलं. म्हणजे भाचा बिअर ओढत नव्हता. ती आपल्या वजनानेच त्याच्या घशात ओतली जात होती. त्याने फक्त वाट मोकळी ठेवली होती.

गंमत अशी की हे दुसरं भोक मुळात कॅनच्या जन्मापासूनचं आहे. डब्यातली बिअर पहिल्यांदा विकायला आली ती २४ जानेवारी १९३५ रोजी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. त्या जाड पोलादी डब्यांना टॅब नव्हती. सोबत टोकदार हत्यार लागायचं आणि त्याने दोन भोकं पाडायची, एक पिण्यासाठी आणि समोर दुसरं हवेसाठी. अगदी आईच्या तेलाच्या डब्यासारखं. पुढे ओहायोमधल्या अर्मल फ्रेझ यांच्यावर १९५९ मध्ये सहलीला ओपनर विसरल्यामुळे गाडीच्या बंपरवर डबा फोडायची वेळ आली. त्यातून त्यांनी ओढून काढायची टॅब बनवली. तिने केलेलं तोंड पुरेसं रुंद असल्याने खालच्या कडेने बिअर येते, वरच्या कडेने हवा जाते. दुसऱ्या भोकाची गरज संपली.

आजच्या कॅनची ॲल्युमिनियमची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते, साधारण केसाएवढी. बंद कॅन हाताला टणक लागतो तो आतल्या वायूच्या दाबामुळे, म्हणून रिकामा झाल्यावर तो कागदासारखा चुरगळतो. किल्ली त्यात सहज घुसते त्याचं कारणही हेच. पण इतक्या पातळ पत्र्याची फाटलेली कड ब्लेडसारखी असते आणि तिलाच ओठ लावायचे असतात. त्या रात्री भाच्याचा ओठ वाचला, त्याच्या मित्राचा कापला.

आता घशाचं बघू. एरवी एका घोटात १५ ते २० मिलिलिटर द्रव उतरतो आणि एका घोटाला साधारण एक सेकंद लागतो. या हिशेबाने अर्धा लिटरला पंचवीस-तीस सेकंद लागायला हवेत. पण घोट एकापाठोपाठ एक येऊ लागले की शरीर वेगळी तऱ्हा धरतं. एकट्या घोटानंतर अन्ननलिकेत वरून खाली आकुंचनाची लाट जाते, घास असो की पाणी, ती त्याला ढकलत नेते. घोटांची रांग लागली तर मेंदू ही लाट रोखून धरतो. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी सैल पडून उघडीच राहते आणि पंचवीस सेंटिमीटरची अन्ननलिका सरळ पाइप होऊन जाते. लाट येते ती शेवटच्या घोटानंतर, उरलंसुरलं पुसून नेणारी. आपल्याकडे तांब्या उंच धरून वरून धार सोडत पाणी पिणारी माणसं असतात. त्यांच्या गळ्यातही हेच चाललेलं असतं.

या सगळ्या वेळात श्वास बंद असतो. स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिकेवरचं झाकण पडतं, स्वरतंतू मिटतात. शेवटचा घोट उतरण्याआधी श्वास आत ओढला गेला, तर बिअर चुकीच्या नळीत जाते आणि ठसका लागतो. शुद्धीतल्या माणसाला ठसकाच वाचवतो. दोन-तीन कॅन आधीच पोटात असतील तर ही राखण सुस्तावते आणि हसतखेळत चाललेला खेळ धोक्याचा होतो.

जठर मात्र पाहुण्याला जागा करून देतं. घोट सुरू होतानाच व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत संदेश जातो आणि जठराचा वरचा भाग सैल पडतो. अर्धा लिटर आल्याने तिथला दाब फारसा वाढत नाही. अडचण होते वायूची. बिअरच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे एका कॅनमध्ये सव्वा लिटर. ग्लासात ओतली की त्यातला बराच फेसावाटे निघून जातो. इथे ओतणं झालेलंच नाही. शिवाय थंड द्रवात वायू जास्त विरघळतो आणि गरम झाला की सुटतो. फ्रीजमधून आलेली बिअर पोटात ३७ अंशांपर्यंत तापते, तिची वायू धरून ठेवायची ताकद निम्म्याहून खाली येते. थोडा वायू रक्तात जाऊन श्वासावाटे निघतो, बाकीच्याला वर यावं लागतं. भाच्याने दिलेली ती मोठी ढेकर म्हणजे हाच वायू. ढेकरेबरोबर बिअरही वर येते, तेव्हा मुलं गच्चीच्या कठड्याकडे धावतात.

इथपर्यंत सगळं सेकंदांचं काम. पुढचं तासांचं आहे आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

भारतात विकली जाणारी बरीचशी बिअर स्ट्राँग असते, तिच्यात अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असू शकतं. भाच्याच्या कॅनवर तोच आकडा होता. अर्ध्या लिटरचे ८ टक्के म्हणजे ४० मिलिलिटर, वजनात सुमारे ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जठरातून ते थोडंच रक्तात जातं, बहुतेक शोषण लहान आतड्यात होतं. त्यामुळे कॅन संपल्यावर रक्तातली पातळी शिखराला जायला अर्धा तास ते तासभर लागतो. पोट भरलेलं असेल तर जठराचं खालचं दार जपून उघडतं आणि आणखी वेळ जातो. आमची मुलं जेवायच्या आधी गच्चीवर आली होती.

यकृताकडे मात्र दुसरं भोक पाडायची सोय नाही. अल्कोहोल फोडणारी तिथली विकरं (एन्झाइम्स) थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण कामाला लागतात आणि तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच हातावेगळे करतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. एकच कॅन सहा सेकंदांत प्यायला की तासभर पुरवला, यातला फरक यकृताने तेवढ्या तासात फोडलेल्या ७-१० ग्रॅमचा. तो लहान नाही, पण खरा घोळ पुढे असतो. पहिला कॅन मेंदूला कळायच्या आत, दहाव्या मिनिटाला दुसरा येतो आणि विसाव्याला तिसरा. "मला काहीच झालं नाही" हे वाक्य माणूस खरेपणाने बोलत असतो, कारण तोवर झालेलंच नसतं. अर्ध्या तासाने तिन्ही एकदम चढतात. कोणी उलटी करून निपचित पडला, हाक मारून ओ देईना, तर त्याला उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. 'झोपू दे, उतरेल' म्हणून दार ओढून घेऊ नका.

साडेनऊला भाचा मित्राला ऐरोलीला सोडायला निघाला. विटाव्यामार्गे बाइकवर, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. मी त्याच्याकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, "मामा, एकच तर कॅन घेतलाय." चालही सरळ होती.

मी जेवणाच्या टेबलावरचा कागद ओढला. ३१ ग्रॅम, त्याचं वजन ६५ किलो, शरीरातल्या पाण्याचा हिशेब धरून रक्तात १०० मिलिलिटरमागे ६० ते ७० मिलिग्रॅमपर्यंत. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमातली मर्यादा आहे ३०. कॅन सव्वानऊचा. त्या मर्यादेखाली यायला साडेअकरा-बारा, सगळं निघून जायला एक-दीड. त्याने कागद दोनदा वाचला, मग किल्ली काढून फ्रीजवर ठेवली. मित्रासाठी रिक्षा मागवली. खाली जाताना लिफ्टमध्ये मित्र ओठाला रुमाल लावून होता, आणि भाचा त्याला तेलाच्या डब्याची गोष्ट सांगत होता.