बॉनेटखालचं रेडिओ स्टेशन

१९५०च्या दशकातल्या मॉरिस मायनरमध्ये रेडिओ बसवायचा म्हटलं की सगळं लक्ष डॅशबोर्डकडे जातं. सेट खाचेत मावेल का, बटणं जुनी दिसतील का? खरी अडचण असते बॉनेटखाली. इंजिन चालू असेपर्यंत तिथे एक प्रक्षेपण केंद्रच सुरू असतं.

ही अतिशयोक्ती नाही. १८८७च्या सुमारास हाइनरिश हर्ट्झने रेडिओलहरी निर्माण केल्या त्या कॉइल आणि ठिणगी वापरून. पेट्रोल गाडीतही तेच सामान असतं: कॉइल, ठिणगी पाडणारे प्लग आणि लहरी बाहेर सोडायला एरियलसारख्या पसरलेल्या प्लगच्या वायरी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. उलट पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. मीटरभर एरियलला त्यातून मिळून मिळणार किती? आणि शत्रू हाताच्या अंतरावर. त्यातून मिडियम वेव्हवर आवाज लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या जोरात साठवलेला असतो. ठिणगी नेमकी तिथेच घुसते.

म्हणून पाने-पक्कड हातात घेण्याआधी कान लावायचे. ॲक्सिलरेटरबरोबर टकटक वाढली तर दोष ठिणगीचा. सुईं असा चढत जाणारा सूर डायनॅमोचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा. मध्येच अनियमित खरखर आली तर कटआउटवर, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवर संशय घ्यावा. खात्री करायची तर गाडी उभी ठेवून इंजिन थोडं रेस करायचं आणि चावी बंद करायची, रेडिओ मात्र चालूच. टकटक त्याच क्षणी थांबते. डायनॅमोचा सूर इंजिन मंदावेल तसा उतरत जातो.

टकटकीवर उपाय म्हणजे प्लगच्या वायरींमध्ये काही हजार ओहमचा रेझिस्टर, किंवा सरळ कार्बनच्या वायरी. डायनॅमोच्या जाड वायरीच्या टोकापासून बॉडीपर्यंत एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, तो खरखर बॉडीत जिरवतो. बारीक वायरीच्या, म्हणजे फील्डच्या टोकाला तो कधीच लावू नये, कटआउटच्या डबीतल्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. कॉइललाही कंडेन्सर हवा, पण चावीकडून येणाऱ्या टोकाला. डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला लावला तर ठिणगीच मरते. आणि बॉनेटपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची पट्टी. बॉनेट हे खरं तर या स्टेशनावरचं झाकण, पण गंजलेल्या, रंग चढलेल्या बिजागऱ्यांमुळे त्याला अर्थिंगच मिळत नाही. एरियलच्या बुडाखालचा रंगही खरवडावा लागतो. नव्या रंगकामावर खरवडणी चालवताना मालकाचा जीव जातो, ते वेगळं.

आता मोठा खड्डा. या गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, आणि आजच्या सेटची पत्र्याची पेटी असते निगेटिव्ह. ती बॉडीला बोल्टने आवळली की बॅटरी शॉर्ट! सेट रबरावर अधांतरी बसवला तरी सुटका नाही, कारण एरियलच्या केबलची बाहेरची जाळी बॉडीला टेकलेलीच असते.

म्हणून पुष्कळजण गाडीच उलटी करतात. बॅटरीची टोकं बदलायची, मग बॅटरीच्या नव्या पॉझिटिव्हची वायर डायनॅमोच्या फील्डला क्षणभर टेकवायची, म्हणजे त्याच्या लोखंडात मुरलेलं चुंबकत्व पालटतं. कॉइलच्या दोन बारीक वायरीही अदलाबदल कराव्यात. प्लगचा मधला दांडा तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज निघतात, त्यामुळे मधला दांडा निगेटिव्ह असला की कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. स्टार्टर मात्र उलटा फिरत नाही! त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांतला प्रवाह एकदमच उलटतो, आणि दिशा तीच राहते.

माझं मन विचाराल तर जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा सेटच दुरुस्त करावा. व्हॉल्व्हला २०० व्होल्टच्या वर लागतात, गाडीत तर १२. म्हणून आत व्हायब्रेटर असतो: एक पोलादी जीभ सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत प्रवाह तोडते-जोडते, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवतो. सेट लावला की आधी त्याची गूं ऐकू येते आणि व्हॉल्व्ह तापले की मग गाणं. मात्र वीस वर्षं माळ्यावर पडलेला सेट थेट बॅटरीला जोडू नका. ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कंडेन्सर आधी बदला. तो गळका असेल तर व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. शिवाय असा सेट तीन-चार अँपियर खातो. डायनॅमो वेगात वीसेक अँपियर देतो, सिग्नलला उभ्या गाडीत जवळजवळ काहीच नाही. ट्रॅफिकमध्ये तासभर नाट्यगीतं ऐकली तर पुढे धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

सगळं जोडून झालं की एक स्क्रू उरतो, एरियलच्या भोकाजवळचा ट्रिमर, सेट एरियलशी जुळवणारा. एरियल पूर्ण ओढायचा, १,४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन पकडायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं. आवाज वाढतो, वाढतो, मग कमी व्हायला लागतो. तिथून किंचित मागे.