मुतखड्यावर बिअर? पोराला पाजू नका

"दोन बाटल्या पाज त्याला, खडा आपोआप पडेल." १६ वर्षांच्या भाच्याच्या सोनोग्राफीत मुतखडा दिसला, तेव्हा घरातल्याच मोठ्या माणसाने ताईला दिलेला हा सल्ला. पोरगा पोट धरून कळवळत होता. पिढ्यानपिढ्या चालत आलेला समज, म्हणून कोणाला खटकलंही नाही. मला फार लागलं.

बिअरने लघवीला जास्त होतं, एवढंच खरं. लघवी रोखणारं संप्रेरक अल्कोहोलमुळे दबतं, शरीरातलं पाणी उलट घटतं आणि नंतरची लघवी दाट होते. खडे धरतात ते दाट लघवीतच. शिवाय बिअरने यूरिक ॲसिड वाढतं. काही खडे त्याचेच असतात. खडा नळीत अडकलेला असेल, तर मागून लोंढा आला की कळा वाढतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे तसेही काही दिवसांत किंवा आठवड्यांत पडतात. श्रेय मात्र बाटलीला!

आणि "बिअर म्हणजे काय दारू थोडीच"? ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे चार पेग. महाराष्ट्रात बिअरलाही वयाची अट किमान २१ आहे. पोराचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि लवकर सुरुवात झाली की पुढे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. पहिला घोट 'औषध' म्हणून घरातूनच मिळाला, तर नंतर त्याला अडवायचं कोणत्या तोंडाने?

भाच्याला डॉक्टरांनी वेदनाशामक आणि भरपूर पाणी सांगितलं. कळांसोबत ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.