घाटातली फिएट आणि बॅटरीची जोड

गणपतीला गावी येताना कशेडीच्या चढावर फिएट हटकून बंद पडायची. काका बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचे. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बुरेटर कोरडा पडतो. पंप निवला की गाडी पुन्हा सुरू. ती १९७४ची पद्मिनी आज रत्नागिरीजवळच्या घरी पडवीत उभी आहे. तिला हायब्रीड करायचं का, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड द्यायची का, असा विषय यंदा घरात निघाला, म्हणून हा मागोवा.

इंजिन आणि मोटर एकत्र नांदवण्याची कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९००च्या सुमारास पेट्रोल इंजिनावर वीज करून चाकांतल्या मोटरी फिरवल्या होत्या. तयार गाडी बदलण्याचं मोठं काम मात्र अमेरिकेत व्हिक्टर वूक या अभियंत्याने केलं. १९७२च्या ब्यूइक स्कायलार्कचं इंजिन काढून त्यांनी छोटं रोटरी इंजिन आणि विजेची मोटर बसवली. १९७४मध्ये कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांच्या सरकारी कार्यक्रमात तिची चाचणी झाली, पण १९७६मध्ये सरकारने तो कार्यक्रमच गुंडाळला. टोयोटा प्रियस जपानच्या रस्त्यावर आली ती १९९७च्या डिसेंबरात. मधली वीस वर्षं वाया गेली याची मला खरंच हळहळ वाटते.

कोकणात या जोडणीला वेगळाच अर्थ आहे. १०८९ सीसीचं इंजिन चढावर धापा टाकतं आणि उतारावर तीच कमाई ब्रेकच्या ड्रममध्ये नुसती उष्णता होऊन जाते. टनभर वजनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर हिशेबाने सुमारे १.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. चाकांचं घर्षण, हवेचा अडथळा वगळून उरेल ती मोटरला जनरेटर करून बॅटरीत साठवता येते. सपाट रस्त्यावरच्या माणसाला हे एवढं पटणार नाही; आंबा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास घेतलेल्याला लगेच पटतं.

आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०१०मध्ये जुन्या गाडीला बसवायचं रेवोलो नावाचं हायब्रीड किट दाखवलं होतं. २०१६मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा किटची तरतूद झाली: किटला मान्यता हवी, आणि ते अधिकृत ठिकाणीच बसवायला हवं. अडचण आली २०२१मध्ये. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली, पण चॅसी, बॉडी आणि इंजिन मुळातलं हवं, या अटीवर. आमची गाडी वयात बसते. मोटर जोडली तर अटीत बसणं कठीण. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी चालती गाडी निवडेन. पडवीत पुजायला ती घेतलेली नव्हती.

त्याआधी खारा वारा आहेच. परवा चटई उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर तो सरळ आरपार गेला. बॅटरीचं ओझं या पत्र्यावर ठेवता येणार नाही. दिवाळीनंतर पत्रेवाला येणार आहे.