कोड लिहिण्याआधी आम्ही तुमच्याकडून वेळ का लिहून घेतो

आम्ही रोबो चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो. ‘रोबोभोवतीच्या कुंपणाचं दार उघडलं की रोबो लगेच थांबला पाहिजे,’ असं ग्राहक सांगतात, तेव्हा आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लगेच म्हणजे किती मिलिसेकंदांत? सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरणारा रोबोचा हात 50 मिलिसेकंदांत 10 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तेवढ्या अंतरात माणसाची बोटं असू शकतात. इथे सॉफ्टवेअरचं उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं.

म्हणून तुमची मागणी आम्ही आधी गणिती भाषेत मांडतो. याला फॉर्मल स्पेसिफिकेशन म्हणतात. वरच्या वाक्याचा अर्थ त्यात असा पक्का होतो: रोबो कोणत्याही अवस्थेत असो, दार उघडल्याचा सिग्नल आल्यापासून 50 मिलिसेकंदांच्या आत थांबण्याचा आदेश गेलेला असेल, आणि दार बंद होऊन ऑपरेटरने रीसेट दाबेपर्यंत हालचालीचा एकही आदेश जाणार नाही. इतकं नेमकं लिहायला बसलं की राहून गेलेले प्रश्न वर येतात. सेन्सरची वायर तुटली तर? रीसेट कुणी आधीपासूनच दाबून धरलं असेल तर? आमच्या मते या कामाचा निम्मा फायदा इथेच होतो.

पुढे आम्ही यंत्रणेचं गणिती मॉडेल बनवतो. मॉडेल चेकर नावाचं सॉफ्टवेअर त्यातली प्रत्येक शक्य अवस्था तपासतं आणि नियम मोडणारी वाट सापडली तर ती पायरीपायरीने दाखवतं. नुसत्या चाचण्यांत असे योग सहज निसटतात. 1997 साली मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. महत्त्वाच्या कामाला हवं असलेलं साधन एका दुय्यम कामाने धरून ठेवलं होतं आणि मधल्या प्राधान्याची कामं त्या दुय्यम कामाला पुढे सरकू देत नव्हती. दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवावी लागली.

मात्र मॉडेल चेकरने दिलेली सिद्धता मॉडेलपुरतीच असते. ब्रेक लागायला खरोखर किती वेळ जातो, ते यंत्रावरच मोजावं लागतं. इमर्जन्सी स्टॉपची स्वतंत्र यंत्रणाही हवीच.

प्रत्येक सूत्राशेजारी साध्या भाषेतला अर्थ छापलेली प्रत तुम्हाला मिळेल. सही करण्याआधी ती यंत्र चालवणाऱ्या माणसाकडून जरूर वाचून घ्या, कारण मुळातच चुकीची मागणी आमचा चेकरही बिनतक्रार मान्य करतो. नंतर ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा), वजन किंवा वेग बदलायचा असेल, तर बदलाआधी कळवा. जड वजन थांबायला जास्त वेळ घेतं, त्यामुळे मोजणी आणि तपासणी दोन्ही नव्याने कराव्या लागतात.