उजवा मेंदू दाबायचा की जपायचा? वाचा-श्रवणदोषांवरील मेंदू-उत्तेजनाची पार्श्वभूमी

श्रवणाची बाजू आधी, थोडक्यात. कर्णबधिर रुग्णाच्या श्रवणाच्या नसेला १९५७ मध्ये पॅरिसमध्ये थेट विद्युतप्रवाह दिला गेला. एकाच वाहिनीच्या (एकाच इलेक्ट्रोडच्या) श्रवण-इम्प्लांटला, म्हणजे कानात बसवायच्या यंत्राला, अमेरिकेत १९८४ मध्ये मान्यता मिळाली. त्यातून बोलण्याची लय कळे, शब्द फारसे उलगडत नसत. अनेक इलेक्ट्रोड आल्यावरही शेजारशेजारची विद्युतक्षेत्रे एकमेकांत मिसळत. १९९१ मध्ये स्पंद एकदम न सोडता आळीपाळीने सोडण्याची पद्धत आली आणि ही अडचण बरीच कमी झाली.

वाचेचे प्रकरण अजून मिटलेले नाही. डोक्यावरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू उत्तेजित करणारे टीएमएस १९८५ मध्ये आले, डोक्यावरून मंद विद्युतप्रवाह देणारे टीडीसीएस २००० च्या सुमारास. पक्षाघातानंतरच्या वाचाघातासाठी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषाच बिघडते त्यासाठी, टीएमएस वापरायचे ठरले, तेव्हा स्पंद सोडणारी कॉइल डोक्यावर कुठे ठेवायची हा प्रश्न आला. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी हाताच्या हालचालींच्या अभ्यासातून उसने घेतले गेले: मेंदूचा डावा अर्धगोल (भाषेचे काम मुख्यतः हाच करतो) जखमी झाला की उजवा मोकाट सुटतो आणि डाव्याला सावरू देत नाही, तेव्हा उजव्यालाच शांत करा.

२००५ च्या सुमारास रुळलेला क्रम असा. डाव्या हाताच्या स्नायूवरून मोटर थ्रेशोल्ड, म्हणजे स्नायू जेमतेम हलवणारी स्पंदाची तीव्रता, मोजायचा. तीव्रता त्याच्या ९० टक्के ठेवायची. आठच्या आकड्याची कॉइल उजव्या ललाटखंडाच्या (कपाळामागच्या भागाच्या) खालच्या वळीवर धरायची. सेकंदाला १ स्पंद, २० मिनिटांत १,२०० स्पंद, अशी १० सत्रे. काही रुग्णांना चित्रांतल्या वस्तूंची नावे आधीपेक्षा बरी सांगता आली आणि हा क्रम जवळजवळ नियमच बनला. तो घाईने बनला. कारण उलट पुरावा आधीपासून होता: १९७१ च्या एका छोट्या अभ्यासात वाचाघाताच्या रुग्णांच्या उजव्या बाजूच्या धमनीत भूल आणणारे औषध सोडले, तर उरलेसुरले बोलणेही थांबले. डावीकडची जखम मोठी असेल तर भार उजवा अर्धगोलच वाहत असू शकतो, आणि मग त्याला दाबणे म्हणजे आधारच काढून घेणे. शिवाय जागेचा हिशेब अगदी बारीक आहे. त्याच वळीच्या पुढच्या भागावर स्पंद दिले तर नावे सुधारतात, मागच्या भागावर दिले तर घसरतात, असे पुढे दिसले. कॉइल अंदाजाने ठेवली तर दोन्ही परिणाम एकाच चाचणीत मिसळतात.

टीडीसीएसमध्ये खारट पाण्याने भिजवलेले स्पंजचे इलेक्ट्रोड, १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह, २० मिनिटे. स्पंज कोरडा असेल तर त्वचा चुरचुरते. फार ओला असेल तर पाणी केसांत उतरते आणि प्रवाह भलतीकडे पसरतो. जखमेच्या जागी साचलेला द्रवही प्रवाह आपल्याकडे ओढतो. २०१८ मध्ये ७४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इलेक्ट्रोड डावीकडे, प्रत्येकाच्या स्कॅनवरून ठरवलेल्या जागी बसवले होते. निष्कर्ष एवढाच, की पुढची मोठी चाचणी घेणे निरर्थक ठरणार नाही. बातम्यांमध्ये मात्र ‘उपचार सापडला’ असा सूर होता.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा झाला तो मेंदूला उत्तेजन देण्यात नव्हे, तर बोलता न येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे संकेत वाचून शब्द ओळखण्यात. २०२१ मध्ये ५० शब्दांच्या संचातून मिनिटाला सुमारे १५ शब्द. २०२३ मध्ये १,२५,००० शब्दांच्या संचावर मिनिटाला ६२, पण जवळपास चारातला एक शब्द चुकीचा. २०२४ मध्ये २५६ इलेक्ट्रोडवर अचूकता ९७ टक्क्यांपुढे. संकेत दिवसागणिक सरकतात, म्हणून मॉडेल पुन्हा पुन्हा जुळवावे लागते; आणि तयार वाक्यातली बरीच सफाई मागे बसवलेल्या भाषा-मॉडेलची असते. मुख्य म्हणजे या रुग्णांची भाषा शाबूत होती, साथ सोडली होती ती स्नायूंनी. वाचाघातात भाषेचे जाळेच फाटलेले असते, त्यामुळे हे यश तिथे जसेच्या तसे लागू होत नाही. कॉइल कोणत्या बाजूला ठेवायची, हे आजही जखमेचा आकार पाहून रुग्णागणिक ठरवावे लागते.