जीवाश्म कार्बनमापन

हवेतील कार्बन डायऑक्साइडपैकी किती भाग कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्यामुळे आला, हे कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या तुटीवरून ठरवण्याची पद्धत. नुसते वायूचे प्रमाण मोजून हे कळत नाही, कारण झाडांच्या व मातीच्या श्वसनातून येणारा वायूही त्यातच मिसळलेला असतो.

सजीवांमध्ये कार्बनच्या साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक कार्बन-१४ चा असतो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे गाडलेल्या इंधनात तो उरतच नाही. असा ‘मृत’ कार्बन हवेत मिसळला की कार्बन-१४ चे प्रमाण घटते. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात ही घट दाखवली. तिला स्यूस परिणाम म्हणतात. पुढे अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला.

नमुना काचेच्या फ्लास्कमध्ये, शक्यतो दुपारी घेतात. पहाटे जमिनीलगतच्या थंड थरात रात्रभराचा धूर साचलेला असतो. नमुना घेणाऱ्याने नळीच्या वाऱ्याखालच्या बाजूला उभे राहावे, कारण उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. प्रयोगशाळेत आधी बाष्प काढून वायू द्रव नायट्रोजनने (-१९६° से.) गोठवतात. येथे दाब कमी ठेवावा लागतो, नाहीतर हवेतला ऑक्सिजनही सापळ्यात द्रवरूप होतो. दोन लिटर हवेतून अर्धा मिलिग्रॅमही कार्बन मिळत नाही. लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजनच्या साहाय्याने त्याचे ग्रॅफाइट करून अणूंना वेग देऊन वजनानुसार वेगळे करणाऱ्या त्वरक वस्तुमान वर्णपटमापकाने अणू मोजतात. ग्रॅफाइट अर्धवट झाले तर समस्थानिकांचे (कार्बन-१२, १३, १४ अशा वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचे) प्रमाण बिघडते. ही चूक कार्बन-१३ मोजून दुरुस्त करतात.

स्वच्छ हवेपेक्षा कार्बन-१४ हजारी २० ने कमी आणि एकूण वायू ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग) असेल, तर जीवाश्म वाटा सुमारे ८.६ पीपीएम. मापनाची अचूकता हजारी २ च्या आसपास असते, म्हणून १ पीपीएमच्या आतले फरक विश्वासाने सांगता येत नाहीत.

खरी अडचण ‘स्वच्छ हवा’ कोणती धरायची ही. गोव्यातील काब द राम येथे १९९३ पासून वायुनमुने गोळा झाले. तेथे पावसाळ्यात समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात जमिनीवरची, म्हणजे एकाच ठिकाणची हवा वर्षभर संदर्भ म्हणून चालत नाही. अणुभट्ट्या कार्बन-१४ सोडतात. त्यांच्या वाऱ्यात घेतलेला नमुना जीवाश्म वाटा कमी दाखवतो. चुलीतले सरपण, गोवऱ्या किंवा उसाचे पाचट यांचा धूर या मापनात जीवाश्म म्हणून मोजला जात नाही, कारण तो कार्बन ताजा असतो. सिमेंटसाठी भाजलेल्या चुनखडीचा वायू मात्र मोजला जातो, कारण त्यातही कार्बन-१४ नसतो.

कार्बन-१४ चे मापन महाग असल्याने रोजच्या नोंदीसाठी कार्बन मोनॉक्साइडचा आधार घेतात. पण जुना ट्रक आणि वीजकेंद्र यांच्या धुरातील त्याचे प्रमाण फार वेगळे असते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि जीवाश्म कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर प्रत्येक शहरासाठी कार्बन-१४ शी ताडून घ्यावे लागते.